शेऱ्याचा रकाना

शिवरामशास्त्री टेंभे उभ्या आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते, आणि याचा गल्लीतल्या लोकांना उपयोगापेक्षा तापच जास्त होता. काशीत दुर्गाघाटाजवळच्या मराठी घरांत कुठे भांडण लागलं की दोन्ही पक्ष आधी एवढंच बघत, की शास्त्रीबुवा त्या वेळी तिथे हजर होते का. हजर असले तर सगळ्यांचीच पंचाईत. ते पाहिलं तसं सांगणार, आणि ते कोणालाच सोयीचं नसणार. त्यांची बायको हयात होती तेव्हा म्हणायची, "यांना कुणाकडे जेवायला न्यायची चोरी. आमटी खारट झाली असेल तर विचारायच्या आत सांगतात."

अशा माणसाला जन्मभर पुरेल असा मित्र एकच मिळाला, गोपीनाथ मोघे. दोघं एकाच गल्लीत वाढले, एकाच मास्तरांचा मार खाल्ला. पुढे शास्त्रीबुवांनी पाठशाळेत चाळीस वर्षं न्यायशास्त्र शिकवलं आणि गोपीनाथ रेल्वेत चिकटून मुगलसरायला स्टेशनमास्तर होऊन रिटायर झाला. नोकरीत असताना सुट्टीला आणि त्यानंतर रोज संध्याकाळी दोघं राजाघाटाच्या पायऱ्यांवर बसत आणि भांडत. भांडणाचा विषयही ठरलेला. काळ सलग आहे, की सुट्या सुट्या क्षणांचा बनलेला?

शास्त्रीबुवा नैयायिक. त्यांचं म्हणणं, काळ एकच आहे आणि अखंड आहे. क्षण, घटका, दिवस हे तुकडे आपण आपल्या सोयीनं पाडतो. "आता ही गंगा बघ. अस्सीघाटापासून खाली घाटाघाटाला नाव आहे. म्हणून पाण्याचे तुकडे झालेत का? राजाघाटाचं पाणी संपलं आणि पुढच्या घाटाचं सुरू झालं, अशी रेघ दाखव मला."

"रेघ नसेना का," गोपीनाथ म्हणायचा. "मी सदतीस वर्षं मिनिटं मोजलीत, शिवराम. एकेक सुटं मिनिट हातानं सोडलंय. तुझ्या अखंड काळात एक मालगाडी तरी वेळेवर सुटली असती का?"

"बरं, तुझी गाडी सुटते केव्हा? चाक हललं तेव्हा? केसभर हललं तेव्हा, की अर्धा केस हललं तेव्हा? नेमका क्षण सांग."

"रजिस्टरात लिहिलं तेव्हा. दहा चार लिहिलं की गाडी दहा चारला सुटली. लिहीपर्यंत ती फलाटावर उभी आहे, मग भले ती तुझ्या डोळ्यांदेखत अलाहाबादला पोचलेली असो."

"हा काही तर्क झाला नाही."

"तर्क नाही, रूल आहे," गोपीनाथ म्हणायचा, आणि मग दोघं उठून घरी जायचे. चाळीस वर्षांत कोणी कोणाला तसूभर हलवलं नव्हतं.

नोकरी सुटली तरी गोपीनाथचं रजिस्टर सुटलं नाही. त्याच्याकडे एक लांबट वही होती, तिला तीन रकाने होते: वेळ, काय घडलं, शेरा. वेळ आकाशवाणीच्या ठोक्यावर रोज लावलेल्या घड्याळाची, आणि ती मिनिटापर्यंत. 'च्या सुमारास' हा शब्द त्या वहीत औषधालाही सापडला नसता. शेऱ्यात बहुधा 'राइट टाइम' असायचं. नाहीतर उशिराचं कारण. दूध आलं, दहा मिनिटं लेट, कारण म्हैस. सूनबाईचा चहा, राइट टाइम. शिवराम घाटावर, पाच मिनिटं लेट, कारण वाटेत कुणाशी तरी खरं बोलत थांबला. नात तेजश्री लहानपणी अक्षरं शिकली ती याच वहीतून, त्यामुळे तिला गोष्टींपेक्षा शेरे जास्त पाठ होते.

चौऱ्याण्णव सालच्या वैशाखात तेजश्रीचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, नाव कुशल. मस्कतला एका कंपनीत लागला होता आणि लग्नानंतर आठव्या दिवशी दोन वर्षांसाठी जाणार होता. तेजश्रीनं तो स्वतः पसंत केलेला, आणि सहा महिन्यांत त्याला चौदा पत्रं लिहिलेली. तीही मराठीत, नि हे तिच्यासारख्या मुलीला काही सोपं काम नव्हतं, कारण तिचं निम्मं बोलणं हिंदीत चालायचं. मुलाच्या आईला मात्र ही लांबची सोयरीक पहिल्यापासून रुचली नव्हती. तिच्या नजरेत नात्यातली दुसरी एक मुलगी होती, आणि ते ती लपवतही नव्हती. शिवाय तेजश्री घरातली पहिली मुलगी. पहिल्या अपत्याचं लग्न ज्येष्ठात करत नाहीत, आणि पुढे चातुर्मास. म्हणजे हा दिवस चुकला की कुशल मस्कतला, आणि दोन वर्षांत त्याच्या आईनं काय काय केलं असतं ते सांगायला ज्योतिषी नको होता.

आणि नेमका याच वेळी गोपीनाथ अंथरुणाला खिळला. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाले. दोन दिवस म्हणा, चार दिवस म्हणा. त्याचा मुलगा निनाद, तेजश्रीचा बाप, बँकेत नोकरीला, वडिलांना दवाखान्यात न्यायला निघाला तर गोपीनाथ म्हणाला, "सगळा हिंदुस्थान मरायला काशीत येतो आणि तू मला काशीतून काढून दवाखान्यात टाकतोस?" मग माडीवरच्या खोलीत जमिनीवर गादी घातली गेली, आणि उशाशी वही, पेन नि घड्याळ.

वऱ्हाड लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आलं. मोघ्यांचे काशीतले उपाध्याय कावीळ होऊन पडले होते, म्हणून दोन्हीकडचं कार्य वऱ्हाडाबरोबर आलेल्या विष्णुभटांनीच करायचं ठरलं. माणूस विद्वान, पण शास्त्राचा काटा एक कणही हलू न देणारा. त्यांनी मुहूर्त जुन्या पद्धतीनं काढला होता, सूर्योदयापासून चौदा घटी तीस पळे, आणि त्यावरून पत्रिकेत छापलं होतं अकरा वाजून एक्कावन्न मिनिटं. ती पत्रिका गोपीनाथनं पडल्यापडल्या वाचली, दोनदा बोटं मोजली आणि शास्त्रीबुवांना म्हणाला, "त्या भटजींना वर बोलाव. हळूच."

विष्णुभट वर आले.

"भटजी, हे एक्कावन्न कुठल्या सूर्यावरून धरलंत?"

"म्हणजे? सूर्य एकच आहे."

"सूर्य एकच आहे, पण तुमचा पुण्याला सहा वाजून तीन मिनिटांनी येतो. आमच्याकडे पाच तेराला. पन्नास मिनिटं आधी. मुहूर्त अकरा एकला आहे."

विष्णुभटांनी पंचांग काढलं, पानं चाळली आणि गोरेमोरे झाले. पुण्याहून पंचांग घेऊन काशीत कार्याला येणारा माणूस ही चूक केव्हातरी करतोच. पण आपल्या हातून, आणि पत्रिकेत छापून! खाली मांडवात कळलं असतं तर मुलाच्या आईनं तिथेच अपशकुन मोजायला घेतले असते. शास्त्रीबुवा काही बोलले नाहीत. खाली कोणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंच असतं. नशिबानं कोणी विचारलं नाही. सगळं कार्य पन्नास मिनिटं आधी घ्यायचं आहे, एवढंच विष्णुभटांनी जाहीर केलं. सकाळचे विधी आठच्या सुमारास बसायचे होते, ते सात दहाला आले.

ते गेल्यावर गोपीनाथ जरा वेळ डोळे मिटून पडला. मग म्हणाला, "शिवराम, नांदी झाली, देवक बसलं, की पुढे घरात कोणी गेलं तरी सुतक आड येत नाही ना?"

"नाही. कार्य सुरू झालं असं धरतात. मग लग्न थांबत नाही."

"म्हणजे लाइन क्लिअर मिळालं म्हणायचं. एकदा लाइन क्लिअर दिलं की पुढचा स्टेशनवाला गाडी अडवू शकत नाही."

"तसंच समज."

"आणि त्याआधी कोणी गेलं तर?"

"तर लग्न राहिलं. घर सुतकात."

"मग तेवढं उद्या सकाळपर्यंत खेचतो," गोपीनाथ म्हणाला, दुधाची वेळ सांगावी तशा आवाजात. शास्त्रीबुवांचे डोळे भरून आले आणि त्यांनी उगाच पांघरूण सारखं केलं.

"रडू नको, ऐक. माझी वेळ तू लिहायचीस. वहीत. एक आकडा, मिनिटासकट. 'सुमारास' लिहिलंस तर याद राख."

"असा आकडा नसतो, गोपीनाथ. मरण काही टपकन पडत नाही. तो एक सलग—"

"आता चालू नको करू. फुरसत नाही मला. आकडा असो की नसो, तू लिहायचास. बोल, लिहिशील?"

"लिहीन," शास्त्रीबुवा म्हणाले. आणि त्यांनी म्हटलं म्हणजे ते झालंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला शास्त्रीबुवा आंघोळ करून माडीवर आले तेव्हा गोपीनाथचं बोलणं बंद झालं होतं, पण ओळख होती. शास्त्रीबुवांनी गंगेचं पाणी आणि तुळशीचं पान तोंडात घातलं, ते गिळलं. पाय गार होते. निनाद नि त्याची बायको पद्मा सोवळं नेसून एकदा येऊन नमस्कार करून गेली. गोपीनाथनं हाताच्या दोन बोटांनी त्यांना 'जा, जा' अशी खूण केली. त्या खुणेत अजून स्टेशनमास्तर होता.

सात दहाला खाली पुण्याहवाचन सुरू झालं. विष्णुभटांचा आवाज खणखणीत, जिन्यातून सगळं ऐकू येत होतं. मग नांदी, मग देवक. शास्त्रीबुवांना क्रम पाठ होता. त्यांनी मनात धरलं, पाऊण तास.

श्वास लांब लांब पडायला लागले होते. एक यायचा, मग इतका वेळ काही नाही की शास्त्रीबुवांनी पुढे वाकावं, आणि मग दुसरा यायचा. असे पाच-सहा झाले. मग एक आला, लहानसा, नाकातल्या नाकात. शास्त्रीबुवांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. सात चौदा. ते पुढच्या श्वासाची वाट बघत बसले.

तो येईना.

आता इथे शास्त्रीबुवांच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगितलंच पाहिजे, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. श्वास घेताना तो शेवटचा आहे असं त्या श्वासावर लिहिलेलं नसतं. पुढचा येत नाही म्हणून तो शेवटचा होतो. मग तो शेवटचा झाला केव्हा? घेतला तेव्हा तर नाही; तेव्हा पुढचा यायचा होता. मिनिटभरानं? मिनिटभर तर मघाशीही थांबला होता. चाळीस वर्षं ज्यावर घाटावर तावातावानं बोलले, तो प्रश्न आता गादीवर पडला होता, आणि त्याला हात लावायची त्यांची छाती होत नव्हती.

पण हे सगळं विद्वत्तेचं झालं. खरी गोष्ट एवढीच, की नाकापुढे सूत धरून बघणं एका क्षणाचं काम होतं, आणि ते त्यांनी केलं नाही. नाडी बघितली नाही. छातीला कान लावला नाही. मांडी घालून, हात मांडीवर ठेवून, ते नुसते बसून राहिले. बघितलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं. खाली अजून पुण्याहवाचनच चाललं होतं.

साडेसातला जिन्यात पैंजण वाजले. तेजश्री. अंगाला हळद, पिवळी साडी, मनगटावर सासरकडून आलेलं नवं घड्याळ. मुलीचं खालचं काम आटोपलं होतं. पुढची नांदी आईबापांनी करायची, म्हणून ती उठून वर आली होती.

"आबा झोपलेत?" तिनं दारातूनच हळू विचारलं.

'हो' म्हणणं खोटं झालं असतं. 'नाही' म्हटलं असतं तर खाली सगळं थांबलं असतं. "नमस्कार कर, बाळ," शास्त्रीबुवा म्हणाले.

ती गुडघे टेकून बसली आणि तिनं आजोबांच्या पावलांवर डोकं ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग मान वर करून म्हणाली, "पाय किती ठंडे आहेत यांचे."

"सकाळपासून गार आहेत," शास्त्रीबुवा म्हणाले. आणि हे अक्षरशः खरं होतं. आपण खऱ्याचा असा वापर कधी करू असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

"तुम्ही इथेच बसाल ना, शास्त्रीआजोबा? पलभर पण सोडू नका त्यांना."

"इथेच आहे मी."

ती पांघरुणावरून हात फिरवून खाली गेली. नांदीचा संकल्प सुरू झाला. विष्णुभट एकेक शब्द स्वच्छ म्हणत होते, आणि शास्त्रीबुवांना पहिल्यांदाच वाटलं की या माणसानं जरा गाळावं, जरा पळवावं. खिडकीतून ऊन गादीच्या कडेपर्यंत आलं. गोपीनाथच्या कपाळावर माशी बसली. शास्त्रीबुवांनी ती पंख्यानं उडवली, ती परत बसली, त्यांनी परत उडवली. आपण वाट बघतोय, असं ते स्वतःशी म्हणत होते. चाळीस मिनिटं कोणी श्वासाची वाट बघतं का? माणूस जवळचा असला तर बघतं.

मग खालून पद्माची हाक आली. "काका, देवक बसलं हो! आबांना सांगा!"

शास्त्रीबुवांनी घड्याळ बघितलं. सात चोपन्न. त्यांनी वही ओढली, पेनाचं टोपण काढलं. वेळेच्या रकान्यात लिहिलं ७:५४. काय घडलं, त्यात लिहिलं, गोपीनाथ गेला. शेऱ्याचा रकाना मात्र त्यांच्यानं भरवेना. पेन खाली ठेवलं आणि तेव्हा कुठे त्यांनी मित्राच्या गालाला हात लावला.

निनादला त्यांनी जिन्यात बोलावून सांगितलं. तो भिंतीला टेकला. "त्रास झाला का, काका?"

"नाही. अगदी शांत."

"केव्हा?"

"वहीत लिहिलंय," शास्त्रीबुवा म्हणाले.

निनादनं विष्णुभटांना वर आणलं आणि स्वतः दाराबाहेर थांबला. विष्णुभटांनी वही वाचली. मग गादीशी बसून गोपीनाथचा हात हातात घेतला, बोटं जराशी वाकवून पाहिली. या माणसानं तीस वर्षं लग्नं लावली होती तशीच प्रेतंही पाहिली होती. हात खाली ठेवून त्यांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं.

"ही वेळ कसली, शास्त्रीबुवा? शेवटच्या श्वासाची?"

"मी लिहिल्याची."

"मी काय विचारतोय ते तुम्हाला कळतंय."

"कळतंय. मरण कळल्याशिवाय सुतक नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे."

"आणि तुम्हाला कळलं केव्हा?"

"लिहिलं तेव्हा."

खाली सनईवाला सूर लावून बघत होता. विष्णुभटांनी वही मिटून उशाशी ठेवली. मग म्हणाले, "काल माझी पन्नास मिनिटांची चूक झाली. तुम्ही मांडवात बोलला नाहीत."

"मांडवात कोणी विचारलं नाही."

"मग मीही पुढे विचारत नाही," विष्णुभट म्हणाले आणि खांद्यावरचं उपरणं सावरत उठले.

मुलाच्या आईला त्यांनीच सांगितलं. देवक बसल्यावर म्हातारे गेले, सुतक नाही, कार्य थांबत नाही. तिनं डोळे बारीक केले. "वेळ पाहिली कोणी?"

"टेंभेशास्त्र्यांनी."

एका दिवसात तिनंही गल्लीतून ऐकलं होतं हा माणूस कसा आहे ते. "मग काही प्रश्नच नाही," ती म्हणाली. हे वाक्य शास्त्रीबुवांनी जिन्यातून ऐकलं. एकाहत्तर वर्षं एकेक करून जमवलेलं सगळं आज एका घासात खर्ची पडलं, असं त्यांना वाटलं, आणि ते खरंच होतं.

अकरा वाजून एक मिनिटानं अंतरपाट खाली आला. तेजश्री हसत होती. शास्त्रीबुवांनी अक्षता टाकल्या आणि मान फिरवली. जेवणं न करताच पंगती आवरल्या गेल्या, तेव्हा तिला सांगितलं. दुपारी चारला मणिकर्णिकेवर निनादनं अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं वऱ्हाड परत निघणार होतं. सकाळी तेजश्री एकटीच शास्त्रीबुवांच्या घरी आली. नवी साडी, हिरवा चुडा, डोळे सुजलेले. हातात ती लांबट वही. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिनं वही उघडून पानावर बोट ठेवलं.

"आजोबा, मी साडेसातला वर आले होते. नवं घड्याळ होतं, म्हणून बघितलं होतं मी. इथे सात चोपन्न लिहिलंय."

"हो."

"मी इतक्या जणांचे पाय शिवलेत, पण तसे पाय..." तिनं चुडा मागे सारला. "मला सुतक-बितक काही विचारायचं नाही. शादी हो गई, ते झालं. मला फक्त एवढं सांगा, मी नमस्कार केला तेव्हा आबा होते का? सच बताइए. तुम्ही झूठ बोलत नाही, म्हणून तुम्हालाच विचारतेय."

काळ अखंड आहे, त्यात 'होते' आणि 'नव्हते' यांच्यामध्ये रेघ नसते, असं शास्त्रीबुवांना सांगता आलं असतं. ते खरंही होतं, नि त्याचा या मुलीला कवडीचाही उपयोग नव्हता. तिला एक शब्द हवा होता. तो नसता मिळाला तर ती जन्मभर मस्कतहून येणारी पत्रं वाचताना, पुण्यात दिवे लावताना, हेच उगाळत बसली असती, की आपण आजोबांच्या पाया पडलो की नुसत्या पावलांच्या.

त्यांनी हात पुढे केला. "वही दे इकडे."

शेऱ्याचा रकाना कोराच होता. शास्त्रीबुवांनी पेन घेतलं आणि सावकाश, गोपीनाथ लिहायचा तशा तुटक अक्षरांत लिहिलं. वाळेपर्यंत फुंकर घातली आणि वही तिच्याकडे वळवली.

चाळीस मिनिटं लेट. कारण: लाइन क्लिअर मिळालं नव्हतं. तोपर्यंत गाडी फलाटावर उभी.

तेजश्रीनं वाचलं. एकदा, मग बोट फिरवत पुन्हा. ती त्या रकान्यावरच वाढलेली. तिला त्यातलं सगळं कळलं, चोपन्नातून चाळीस वजा करून काय उरतं तेही कळलं. तिनं ओठ घट्ट दाबले, पण रडू फुटलंच, आणि रडता रडता मध्येच तिला हसूही आलं, कारण शेरा हुबेहूब आबांचा होता.

"मतलब, होते," ती म्हणाली.

"होते," शास्त्रीबुवा म्हणाले. "फलाटावरच होते."

हे म्हणताना त्यांचा आवाज कापला नाही. गोपीनाथचा रूल त्यांनी चाळीस वर्षं हसण्यावारी नेला होता. आज तो खरा धरून ते त्यावर उभे राहिले, आणि तो टिकला. म्हणजे वाद गोपीनाथनं जिंकला, असा त्याचा सरळ अर्थ होत होता. तेजश्रीनं पदरानं डोळे पुसले, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि वही छातीशी धरून गेली. ती तिनं पुण्याला नेली.

संध्याकाळी शास्त्रीबुवा सवयीनं राजाघाटावर गेले. वाटेत निनाद भेटला, त्याच्याशी दोन शब्द बोलण्यात पाच मिनिटं उशीर झाला. पायरीवर आपल्या जागी बसल्यावर त्यांनी शेजारी पाहिलं. तो उशीर लिहून ठेवायला आता कोणी नव्हतं.